एका निवेदनातल्या बायका

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून. तिथे धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. पुढच्या संवादात दोघीही सांगणाऱ्या आहेत आणि दोघीही एकमेकींना अडवणाऱ्या. एक निवृत्त शिक्षिका: शेतकरी मराठा घरातल्या, बाहत्तरचा दुष्काळ पाहिलेल्या, १९८६ साली चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला जाऊन आलेल्या. दुसरी त्यांचीच विद्यार्थिनी: ऊसतोड करणाऱ्या भूमिहीन दलित कुटुंबातली, आता सेलूच्या न्यायालयात वकिली करणारी. दोघी आणि त्यांची घरे कल्पित आहेत. कायदे, तारखा आणि आकडे खरे आहेत.

प्रसंग साधा आहे. बाईंनी तहसीलदारांना द्यायचे निवेदन लिहिले आहे आणि वकीलबाईंकडे तपासायला दिले आहे. मागणी एकच: हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनुसार तालुक्यातील प्रत्येक महिलेचे नाव सातबाऱ्यावर लावावे. परभणी जिल्ह्यातले सेलू हे कापसाचे, जिनिंगचे आणि मोंढ्याचे गाव. इथली ‘प्रत्येक महिला’ म्हणजे नेमकी कोण, यावरून दोघींची जुंपते.

वकील : बाई, वाचलं. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच वळणदार आहे. पण हे असं देता येणार नाही.

बाई : का गं? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का कुठं?

वकील : ते तुमचं कधी चुकायचं नाही. कायदा चुकलाय. २००५ ची दुरुस्ती मुलीची आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासून मुलाइतका हिस्सा, एवढंच ती सांगते. महाराष्ट्रानं १९९४ लाच तसा कायदा केला होता, फक्त तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. पण नवरा जिवंत असताना त्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवा, असं सांगणारं कलम त्यात कुठं नाही.

बाई : ते मला ठाऊक आहे. म्हणून तर शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम निघाली. कायदा बायकोला काही देत नसेल, तर नवऱ्यानं आपल्या हातानं द्यावं. ज्या गावात शंभर शेतकरी बायकोच्या नावे जमीन करतील, त्या गावाला शरद जोशी स्वतः जायचे. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरनं करून दाखवलं. आता नवरे आपणहून देईनात, म्हणून सरकारकडं मागायचं.

वकील : मागू या. पण तुमच्या एकाच वाक्यात ‘प्रत्येक महिला’ आहे आणि ‘हिंदू वारसा कायदा’ही आहे. सेलूतली मुस्लिम बाई त्यात बसत नाही. तिला तिचा व्यक्तिगत कायदा, आणि त्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. शेजारच्या जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातली आंध समाजाची बाई बसत नाही, कारण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमानंच अनुसूचित जमातींना बाहेर ठेवलंय. आणि माझी आई बसत नाही.

बाई : तुझी आई का नाही?

वकील : नाव लावायला आधी सातबारा लागतो. माझ्या बापाच्या नावावर जमीन नाही, आज्याच्या नव्हती, मामाच्या नाही. तुमचं निवेदन उद्या जसंच्या तसं मंजूर झालं, तरी आमच्या वस्तीत एकही तलाठी येणार नाही. त्याला तिथं काम काय?

बाई : अगं, कुठूनतरी सुरुवात करावी लागते. एक मागणी लावून धरली की मागून दहा येतात. दहा एकदम लिहिल्या की साहेब ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारतो आणि कागद फाइलीत निजतो. चांदवडला नोव्हेंबरच्या ९ आणि १० तारखेला लाखोंनी बायका जमल्या होत्या. भाकरी बांधून आलेल्या. त्यात कोण कुणाची, कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर जमल्या नसत्या. त्या गर्दीकडं बघून पहिल्यांदा पुरुषांना वाटलं की या बायका मोजाव्या लागतील.

वकील : आमच्या घरी चांदवडची आठवण नाही, बाई. नोव्हेंबर म्हणजे कारखाने पेटलेले. आई तेव्हा उसाच्या फडात होती.

बाई : बरं, चांदवड सोड. बाहत्तर घे. दुष्काळानं कुणाची जात विचारली? ज्या घरच्या बायका कधी वेशीबाहेर पडल्या नव्हत्या, त्या पदर तोंडावर ओढून खडी फोडायला बसल्या. माझी आई बसली. शेजारी तुझ्या वस्तीतल्या बसल्या. सुकडी एकाच पोत्यातली मिळाली, मजुरी एकाच मस्टरवर मिळाली. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला तो या बायकांच्या हातोड्यामुळं.

वकील : मस्टर एक होतं, हे खरं आणि मोठं होतं. आज्जी सांगायची, पाण्याचा रांजण मात्र वेगळा होता. खडी फोडताना शेजारी, पाणी पिताना लांब. तुमच्या आईलाही ऊन तेवढंच लागत असेल, पण तिला तहान लागली की कुणाच्या ओंजळीची वाट बघावी लागत नव्हती. दुष्काळ संपला तशा तुमच्या आई घरात परत गेल्या. आज्जीला परत जायला जागा नव्हती, तिला तेच काम दुसऱ्याच्या रानात चालू राहिलं.

बाई : रांजणाचं नाकारत नाही. पण त्यावर बोट ठेवून ठेवून एकत्र येण्याची वाटच बंद करायची का?

वकील : वाट कधी बंद झाली ते सांगते. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणीकडं गावोगाव दलितांची घरं जाळली. आई तेव्हा सोळा वर्षांची. त्या रात्री ती पळाली ती बाई म्हणून की महार म्हणून? दोन्ही होती म्हणून पळाली. पुरुषांना मार बसेल ही भीती होती, बायकांना आणखी एक भीती होती. ती भीती फक्त दलित असण्याची नव्हती आणि फक्त बाई असण्याचीही नव्हती.

बाई : अठ्ठ्याहत्तरला मी एकवीस वर्षांची, नुकती नांदायला आलेली. त्या रात्री घरातले पुरुष काठ्या घेऊन बाहेर पडले. आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारण्याची पद्धतच नव्हती. सासूनं कडी लावली आणि आम्ही आत बसलो. मी काय करायला हवं होतं, सांग.

वकील : तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला कुणी विचारलं नाही, हे मी मान्य करते. पण सकाळी तुमचं घर जागेवर होतं. त्या घरात तुमचं चालत नव्हतं, तरी त्या घराची सावली तुमच्यावर होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

बाई : ही तुमची पुस्तकातली भाषा. आंतरछेदी का काय म्हणता ते. अमेरिकेतून आलेलं.

वकील : नाव तिकडचं. गोष्ट ऐका. १९७६ साली तिथल्या एका न्यायालयात पाच काळ्या बायकांनी जनरल मोटर्सवर दावा लावला होता. कंपनी १९६४ च्या आधी काळ्या बायकांना घेतच नव्हती. मंदी आली तेव्हा शेवटी आलेले आधी काढले, म्हणजे नेमक्या याच गेल्या. न्यायालय म्हणालं, कंपनी बायकांना नोकरी देते, सबब बायकांवर अन्याय नाही. त्या बायका गोऱ्या होत्या, कचेरीतल्या. कंपनी काळ्यांनाही नोकरी देते, ते पुरुष होते, कारखान्यातले. बाई म्हणून दावा करा नाहीतर काळ्या म्हणून करा, दोन्ही जोडून तिसरा दावा करता येणार नाही. किंबर्ले क्रेनशॉ नावाच्या कायद्याच्या प्राध्यापिकेनं १९८९ च्या लेखात हा निकाल उलगडून दाखवला. मी तो वाचला तेव्हा मला अमेरिका दिसली नाही. मला बचत गट दिसला.

बाई : बचत गटानं तुझं काय बिघडवलं?

वकील : काही नाही. गट गावात राहणाऱ्या बाईसाठी आहे. दर महिन्याला बैठक, दर महिन्याला हप्ता. आई दिवाळीनंतर टोळीबरोबर जायची ती पाडव्याच्या आसपास परत यायची. मधले हप्ते थकले की गटातून नाव कमी. ‘महिलांसाठी’ असलेली योजना महिला म्हणून तिच्यापर्यंत आली नाही. ‘दलितांसाठी’ असलेल्या योजनेचा अर्ज बापाच्या नावानं भरला गेला. आई दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेषेवर उभी होती.

बाई : हे पटतं. पण आता माझं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. तुम्हा लोकांचा एक हिशोब ठरलेला असतो. जात वरची, जमीन असलेली, म्हणजे त्या बाईचं बरं चाललंय. माझ्या नात्यात एक सून आहे. नवऱ्यानं विष घेतलं. कापूस गेला, कर्ज राहिलं. जिल्ह्याच्या समितीपुढं प्रकरण गेलं, पात्र की अपात्र ठरेपर्यंत हिनं कागद गोळा केले. एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत ठेव. जमीन सासऱ्याच्या नावावर. नवऱ्याचा हिस्सा कायद्यानं हिचा आहे, पण तो मागायचा म्हणजे ज्या घरात राहते त्याच घरावर दावा लावायचा. मजुरीला जायचं तर घराची अब्रू जाते. माहेरी हक्कसोडपत्रावर सही करून बसलेली, भाऊ तुटू नये म्हणून. दुसरं लग्न? आमच्यात नाव काढायची सोय नाही. तुमच्याकडं निदान पाट लावता येत होता. तुझी आई रोज मजुरीचे पैसे हातात घेऊन आली असेल. हिच्या हातात आजवर स्वतःचा रुपया आलेला नाही. बोल, आता कुणाचं ओझं जड?

वकील : तुलना मी करणारच नाही. तुम्ही सांगितलंत तेच मी मघापासून सांगतेय, फक्त तुमच्या बाजूनं. त्या सुनेला जमीनदार जातीनं काही दिलं आणि त्याच जातीनं काही काढून घेतलं. विधवा म्हणून, सून म्हणून, कोरडवाहू शेतीवाल्याची बायको म्हणून तिची गाठ वेगळ्या ठिकाणी बसलीय. जातीची पायरी वर, म्हणून दुःख कमी, असा हिशोब मी मांडला तर तो खोटाच. गाठ कुठं आहे ते बघितल्याशिवाय सुटत नाही, एवढंच म्हणते.

बाई : मग तू तिला निवेदनातून काढणार नाहीस ना?

वकील : उलट. तुमच्या निवेदनात आज ती सून नाहीच. तिला हवं आहे ते वेगळं: नवऱ्यामागं वारसनोंद आपोआप व्हावी, ‘इतर अधिकार’ या रकान्यात न ढकलता तिचं नाव खातेदार म्हणून लागावं, वेगळं रेशनकार्ड मिळावं. जून २०१९ मध्ये सरकारनं आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवांसाठी निर्णय काढला, महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी रेटा लावल्यावर. निर्णय कागदावर आहे. तो तालुक्यात उतरवा, असं एक वाक्य तिच्यासाठी लिहू या. ‘प्रत्येक महिला’ हे वाक्य तिच्याही कामाचं नाही.

बाई : ठीक. एक वाक्य तिचं. पुढं?

वकील : पुढं कोयता.

बाई : तो विषय कामगार खात्याचा. तहसीलदाराकडं काय करणार?

वकील : आधी ऐका. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम पुरुषाच्या हातात देतो, हिशोब पुरुषाबरोबर होतो. बाई पहाटे कोपीत भाकरी करते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, तरी कागदावर ती अर्धी. एक दिवस पडून राहिली तर खाडा, म्हणजे दंड, लागतो, आणि तो उचलीतून वळता होतो. पाळीच्या दिवसांतही, बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंतही. तुम्ही शिक्षिका होता. धाकट्याच्या वेळी तुम्ही रजेवर होता, आम्हाला दुसऱ्या बाई आल्या होत्या, मला आठवतं.

बाई : पगारी रजा होती ती. माझा हक्क होता.

वकील : होताच. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. १९२९ ला कायदा झाला, तो गिरणीतल्या बायकांसाठी. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, आपल्याला तो नव्हताच. पुढं देशभर कायदा झाला, नोकरदार बायकांची रजा वाढत गेली. फडातल्या बाईला आजही रजेऐवजी खाडाच. तुमची रजा आणि तिचा खाडा, दोन्ही बाळंतपणाचेच.

बाई : म्हणून त्या पिशव्या काढून घेतात.

वकील : २०१९ ला बीडचं प्रकरण गाजलं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. आता यात दोष कुणाचा, ते एका शब्दात सांगा. नवऱ्याचा? मुकादमाचा? कॅन्सरची भीती घालणाऱ्या खासगी डॉक्टरचा? फडावर पाणी आणि आडोसा न देणाऱ्या कारखान्याचा? जमिनीचा तुकडा नसल्याचा? लवकर झालेल्या लग्नाचा? प्रत्येक जण म्हणतो माझा वाटा थोडा. सगळे थोडे वाटे एकाच बाईच्या पोटावर येऊन पडतात.

बाई : लवकर लग्नाचं तर आपल्या जिल्ह्याचं नाव सगळ्यात वर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा मी शाळेत सांगायला गेले होते. २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के, आणि परभणीत ४८. निम्म्या पोरी! मी पालकांच्या सभेत म्हणाले, पोरींना शिकवा, लग्न लांबवा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वकील : शेतकरी घरातल्या बापानं मान डोलावली, कारण त्याची अडचण हुंड्याची आणि लोक काय म्हणतील याची आहे. त्याला तुमचा उपदेश लागू पडू शकतो. टोळीवर जाणाऱ्या बापानंही मान डोलावली, पण त्याची अडचण अशी की सहा महिने पोरगी कुणाजवळ ठेवायची? बरोबर न्यावी तर कोपीला दार नसतं. गावात ठेवावी तर म्हातारी आज्जी. त्यापेक्षा लग्न करून दिलं की जबाबदारी सासरची, आणि तिकडं एक नवा कोयता तयार. या बापाला उपदेश नको, हंगामी वसतिगृह हवं. आकडा एकच आहे, ४८. पण त्याच्या आत निदान दोन वेगळी घरं आहेत आणि दोघांना एकच औषध चालत नाही.

बाई : लाडक्या बहिणीचे पैसे येतात की आता.

वकील : महिन्याला १५०० येतात, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या खात्यात येतात; त्याला मी हसणार नाही. पण अट वय २१ पूर्ण. सोळाव्या वर्षी कोयता धरणारी पोरगी पुढची पाच वर्षं सरकारच्या लेखी बहीण नाही.

बाई : तुझं बोलणं ऐकताना एक भीती वाटते, ती सांगते. संसदेत महिला आरक्षणाचं विधेयक आलं १९९६ ला. मग ‘आमच्या बायकांना वेगळा वाटा द्या’ म्हणून आरडाओरड झाली. मागासवर्गीय बायकांची काळजी करणारे ते पुढारी सगळे पुरुष होते. कायदा झाला २०२३ ला, आणि अंमल अजून जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेवर टांगलेला. सत्तावीस वर्षं ‘कोणती बाई’ या प्रश्नाच्या आड सगळ्याच बायका दाराबाहेर उभ्या राहिल्या. तुझा प्रश्न खरा असेल, पण तो चोराच्या हातातही पडतो.

वकील : हा तुमचा सगळ्यात खरा मुद्दा. मी तो मानते. पण त्याच काळात आपल्या ग्रामपंचायतीत काय झालं बघा. महाराष्ट्रात आधी एक तृतीयांश, मग २०११ पासून निम्म्या जागा बायकांना. सोडतीची चिठ्ठी निघते तेव्हा ‘सर्वसाधारण महिला’, ‘नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला’, ‘अनुसूचित जाती महिला’ अशी निघते. कुणी मोर्चा काढला नाही की बायकांत फूट पाडली म्हणून. वेगळं मोजल्यामुळं बायकांच्या एकूण जागा एकानंही कमी झाल्या नाहीत. उलट आमच्या वस्तीतली बाई सरपंचाच्या खुर्चीत बसली ती त्या चिठ्ठीमुळं. नुसतं ‘महिला’ लिहिलं असतं तर ती खुर्ची कुठल्या वाड्यात गेली असती, ते तुम्हालाही माहीत आहे.

बाई : आणि तिथंही ग्रामसेवकाजवळ तिचा नवराच बसतो.

वकील : तुमच्या वाड्यातल्या सरपंचबाईचा नवराही तिथंच बसतो. बघा, इथं दोघी एक आहेत. मी कधी म्हटलं की एकीची जागाच नाही? पण तुमच्या वाड्यातली घरी गेल्यावर नवऱ्याशी भांडेल, आमच्या वस्तीतलीला झेंडावंदनाचा दोर कुणाच्या हातात द्यायचा यावर आधी गावाशी भांडावं लागतं आणि मग घरी जाऊन नवऱ्याशी.

बाई : ताराबाई शिंदे माहीत आहेत ना तुला? बुलढाण्याच्या. १८८२ ला ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. मराठा घरातली बाई आणि सरळ पुरुषजातीलाच जाब विचारला. त्या ‘कोणती बाई’ विचारत बसल्या असत्या तर ते पुस्तक झालं नसतं.

वकील : त्याआधी सत्तावीस वर्षं, १८५५ ला, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिला. मातंग समाजातली, वय चौदाच्या आसपास. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना त्यांच्या बायका छपराविना उघड्यावर बाळंत होतात, तेव्हा त्यांचं काय होतं, ते लिहिलं. ताराबाईंच्या पुस्तकात दुःख घराच्या आतलं आहे, मुक्ताच्या निबंधात घरच नाही. मला दोघी हव्यात. पण शाळेत तुम्ही आम्हाला ताराबाई शिकवल्यात, मुक्ता नाही.

बाई : पुस्तकात नव्हती.

वकील : तेच तर.

बाई : बरं, आता वाद पुरे. लिही. पण माझी एक अट आहे. मागण्या कितीही होऊ देत, मोर्चा एकच निघेल. मराठ्यांच्या बायकांचा सोमवारी आणि तुमचा मंगळवारी, असं चालणार नाही.

वकील : मंजूर. माझीही अट. मागण्यांचा क्रम खालून वर. सगळ्यात आधी भूमिहीन बाई. कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेत अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळायची तरतूद आहे, विधवा आणि परित्यक्तांना प्राधान्य आहे. तालुक्यात जमीन मिळत नाही म्हणून प्रकरणं पडून राहतात. पहिली मागणी ती.

बाई : पहिली? सही करायला माझ्या बायका आल्या आणि पहिल्याच ओळीत त्यांचं काही नाही दिसलं, तर निम्म्या परत जातील.

वकील : आजवर आमच्या बायकांनी सगळी निवेदनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही केली, स्वतःचं काही नसताना. एकदा तुमच्या बायकांनी वाचावं.

बाई : अवघड आहे. मी बोलते त्यांच्याशी. पण पहिल्या ओळीचं वचन देत नाही.

वकील : मग मीही सही आत्ता करत नाही. कच्चा मसुदा ठेवून जाते.

दोघींचा निकाल लागलेला नाही, पण वाचकाला स्वतःचा लावता येईल. बाईंची भीती खोटी नाही: बायकांना जातीजातींत मोजून त्यांच्याच हक्काला कुलूप लावता येते, आणि १९९६ ते २०२३ या काळात ते झाले. तरीही मसुद्याच्या बाबतीत वकील बरोबर आहे. ‘प्रत्येक महिला’ असे लिहिलेला नियम त्याच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या बाईकडे जातो आणि तिथेच थांबतो. जिच्याकडे जमीन नाही, जिचा हंगाम फडात जातो, जिचा वारसा कायदा वेगळा आहे, तिला धरून नियम लिहिला, तर शेतकरी घरातली विधवा सूनही त्यात आपोआप येते. उलट दिशेने लिहिला तर ती वस्ती कधीच येत नाही. म्हणून क्रम खालून वरच हवा, आणि मोर्चा बाई म्हणतात तसा एकच हवा.

यासाठी तहसीलची वाट पाहायचीही गरज नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी ऊसतोडीला गेलेली कुटुंबे शेकडो किलोमीटरवर फडात असतात, आणि त्यांच्या बायकांविषयीचे ठराव त्यांच्या माघारी होतात. तुमच्या गावातली पुढची महिला सभा टोळ्या परतल्यावर, १ मेच्या ग्रामसभेआधी, वस्तीवर आणि संध्याकाळी घ्या. तिथे पहिल्यांदा बोलायची संधी सातबारा नसलेल्या बाईला द्या, आणि ती जे सांगेल ते ठरावाच्या पहिल्या ओळीत लिहा.